मागची जागा आणि पुढचे पाणी : मुंबईतील फ्लाय फिशिंगचा शिष्टाचार

साध्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्या वजनाच्या ओढीने दोर पाण्यावर जातो. फ्लाय, म्हणजे किड्यासारखे किंवा झिंग्यासारखे दिसणारे खोटे आमिष, ही पिसे, केस आणि धागा यांची बांधलेली असल्यामुळे तिला वजन जवळजवळ नसतेच; म्हणून जाड, वजनदार लाइन आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते आणि त्यानंतरच ती फ्लायला पुढे घेऊन जाते. नऊ फुटांची रॉड आणि बाहेर काढलेली चाळीस फूट लाइन धरली तर फेकणाऱ्याच्या मागे सुमारे पन्नास फूट मोकळी हवा लागते. पुढे जेवढे पाणी, मागे तेवढीच जागा, असा हा हिशेब आहे, आणि मुंबईत मागच्या जागेत कोणी ना कोणी असतेच : सकाळी फिरायला आलेले आजोबा, वाळत घातलेले बोंबील, दुसरा गळ टाकणारा, किंवा कांदळवन. त्यामुळे या छंदातले सौजन्य हा शिकण्याच्या शेवटी जोडायचा भाग नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याला बॅककास्ट, म्हणजे लाइन मागे फेकणे, शिकायचा आहे, त्याने मागे वळून पाहणे त्याच दिवशी शिकले पाहिजे. पुढे जे लिहिले आहे ते घर सोडण्यापूर्वीपासून मासा पाण्यात परत जाईपर्यंतच्या क्रमाने आहे.

घरातून निघण्यापूर्वी : पाणी कोणाचे आहे?

पहिले काम परवानगीचे. विहार तलाव 1860 साली आणि तुळशी तलाव 1879 साली शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी पूर्ण झाले. दोन्ही आजही महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा भाग आहेत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाने वेढलेले आहेत. तिथे गळ टाकायचा नाही, एवढे पुरे. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही आणि गळाच्या मासेमारीची तिथली परंपरा जुनी आहे, पण तिथेही आधी परवाना आणि सभासदत्वाची चौकशी करावी. पवईत मगरी आहेत, म्हणून कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फ्लाय टाकण्याचा विचार तिथे मनातही आणू नये आणि नवख्या सोबत्यालाही आणू देऊ नये. ठाणे खाडीचा पश्चिम किनारा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या पट्ट्यात जाण्याआधी वन विभागाला विचारणे भाग आहे.

शहराबाहेर गेल्यावर प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तिथे फलक नसतो पण श्रद्धा असते. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत; वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिराशेजारी मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. फ्लाय टाकणारा ज्या महाशीर माशाच्या स्वप्नात असतो, तोच मासा या डोहांत हाताच्या अंतरावर फिरताना दिसतो. मासा पकडून लगेच सोडून देईन, असा युक्तिवाद तिथे करू नये. गावाने ज्याला हात लावला नाही, त्याच्या तोंडात आपण गळ अडकवायचा नाही. मुरमुरे घ्यावेत, माशांना घालावेत, त्यांची चाल डोळे भरून पाहावी आणि रॉड गाडीतच राहू द्यावी. मासा प्रवाहात कसा उभा राहतो हे मी अशाच एका डोहाच्या काठावर बसून शिकलो.

सरावाचे मैदान

कास्टिंगचा सराव पाण्यावर करण्याची गरज नसते. गवतावर तो उलट चांगला होतो. शिवाजी पार्कसारख्या मैदानावर सराव करायचा असेल तर उजाडताच जावे, क्रिकेटच्या जाळ्यांपासून आणि चालण्याच्या कट्ट्यापासून दूरचा कोपरा निवडावा, आणि लीडरच्या, म्हणजे लाइनला जोडलेल्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला गळाची फ्लाय न बांधता लोकरीचा छोटा, रंगीत तुकडा बांधावा. मुले जमतातच. त्यांना हाकलून लावू नये. लाइनची लांबी पावलांनी मोजून दाखवावी, एवढ्या अंतरात यायचे नाही असे सांगावे, आणि पाच मिनिटे रॉड त्यांच्या हातात द्यावी. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी सरावातही असावी, म्हणजे पाण्यावर त्यांची आठवण करावी लागत नाही.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर : आधी विचारणे

मुंबईचा किनारा रिकामा दिसतो तेव्हाही तो रिकामा नसतो. वेसावे, मढ, मनोरी, गोराई, माहीम, वरळी इथल्या कोळी बांधवांच्या डोलींचे (प्रवाहात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट कुठे रोवलेले आहेत, कोणत्या वेळी पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकला जातो, कोणत्या खडकाशी होडी लागते, हे त्या पाण्याचे नकाशे आहेत आणि ते कागदावर मिळत नाहीत. त्यांचे पोट ज्या पाण्यावर आहे, त्यात आपण हौसेसाठी उभे राहतो. ही जाणीव बोलण्यात उतरली पाहिजे. रॉड जोडण्याआधी, म्हणजे ती नळीतच असताना, जवळच्या माणसाकडे जावे आणि सरळ विचारावे : “दादा, इथे तुमची जाळी लागली आहेत का? मला थोडा वेळ गरवायचे आहे. कुठे उभा राहू म्हणजे तुम्हाला अडचण होणार नाही?” बोंबील सुकवणाऱ्या मावशींना विचारावे की वाळवणाच्या मागून गेले तर चालेल का. रॉड जोडून, फ्लाय बांधून, पाण्याकडे तोंड करून विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही. ती नुसती सूचना होते, आणि समोरच्याला ते बरोबर कळते.

उत्तर ‘नको’ असे आले तर कारण मागू नये. बहुतेक वेळा ‘नको’ येत नाही. येते ती माहिती. एकदा मनोरीच्या बाजूला एका वृद्ध कोळीबाबांनी मला माझ्या निवडलेल्या जागेवरून उठवले आणि ओहोटी अर्धी झाल्यावर छोटा नाला खाडीला जिथे मिळतो तिथे उभे केले, कारण बोयींची पिल्ले त्या वेळी नाल्यातून बाहेर येतात आणि जिताडा तोंडाशी वाट पाहत असतो. ते ज्ञान विकत मिळत नाही. त्या दिवशी मला जिताडा मिळाला नाही, पण त्या नाल्याचे तोंड मी आजही भरतीचे वेळापत्रक पाहूनच गाठतो.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, 61 दिवस यांत्रिकी नौकांना समुद्रातील मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याची नौका नसते हे खरे; तरीही ज्या दिवसांत बंदरातल्या होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि घरातली मिळकत थांबलेली असते, त्या दिवसांत कोळीवाड्यासमोर पोटात अंडी असलेला मासा धरून छायाचित्र काढणे मला अशोभनीय वाटते. तो काळ मी गाठी बांधण्यात आणि लाइन धुण्यात घालवतो.

उभे कुठे राहावे : वारा आणि शेजारी

हा भाग सर्वांत जास्त लक्ष देऊन वाचावा, कारण भांडणे आणि जखमा दोन्ही इथेच होतात.

हिवाळ्यात मुंबईला दुपारनंतर वारा साधारण वायव्येकडून येतो. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या माणसाला तो उजव्या खांद्यावरून लागतो आणि फिरणारी लाइन त्याच्या अंगावर व पुढे डाव्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, ढकलतो. डावीकडे शेजारी असेल तर धोका त्याला आहे. म्हणून अशा वेळी उजव्या हाताच्या फ्लायवाल्याने रांगेच्या दक्षिण टोकाला जागा घ्यावी. टोकाची जागा मिळत नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून बॅककास्टवर फ्लाय सोडण्याची पद्धत शिकावी, नाहीतर वारा पडेपर्यंत थांबावे.

मागे रस्ता किंवा पदपथ असेल, जसा वांद्र्याच्या बँडस्टँडला किंवा वरळीच्या समुद्रकिनारी आहे, तर पूर्ण बॅककास्ट करूच नये. तिथे रोल कास्ट वापरावा. त्यात लाइन पाण्यावरच राहते, रॉडमागे फक्त एक छोटी कमान होते आणि पन्नास फुटांची जागा लागत नाही. अंतर कमी मिळते, पण दगडांच्या कडेला फिरणारी तांबोशी पुष्कळदा वीस-पंचवीस फुटांतच असते. रोल कास्ट न येणाऱ्याने गर्दीच्या किनाऱ्यावर फ्लाय रॉड नेऊ नये, असे मी नवशिक्यांना स्पष्ट सांगतो.

गळाचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी अणी, घरीच चिमट्याने दाबून सपाट करावी. काटा दाबलेला गळ माशाच्या तोंडातून लवकर सुटतो आणि माणसाच्या कानातूनही. कोणाला गळ लागलाच, तर आधी लाइन कापावी, त्या माणसाला बसवावे, माफी मागावी. गळ डोळ्याजवळ असेल तर त्याला हातही न लावता डॉक्टरांकडे न्यावे, आणि इतरत्र असला तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आपण स्वतः सोबत जावे. रिक्षा बोलावून देणे पुरेसे नाही.

किनाऱ्यावर आणखी एक कर्तव्य आहे, ते भरतीचे. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते आणि खडकाकडे येणारी वाट मागच्या मागे बंद होते. आपल्याला वेळापत्रक माहीत आहे आणि शेजारच्या मुलांना नाही, असे दिसले तर मासा लागलेला असला तरी त्यांना हाक मारावी. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) शेवाळ असते. तिथे मी कोणाला जागा सुचवत नाही.

नदीवर : आधी आलेल्याचा मान

उल्हास नदीसारख्या लहान नदीवर किंवा घाटाखालच्या ओढ्यांवर नियम वेगळे आणि अधिक काटेकोर आहेत, कारण डोह लहान असतो आणि एका चुकीच्या पावलाने तास-दीड तासासाठी बिघडतो.

जो आधी आला त्याचा तो डोह. तो गळ टाकत नसून काठावर बसलेला असला तरीही त्याचाच, कारण बसलेला माणूस बहुधा पाणी निवळण्याची वाट पाहत असतो. पुढे जायचे असेल तर पाण्यापासून दूर, झाडीमागून, त्याच्या सावलीपेक्षाही मागून चालत जावे. काठावरून पावले वाजली की मासा त्यांची थरथर ओळखतो. तो कोणत्या दिशेने सरकत आहे हे पाहावे. कोरडी (पाण्यावर तरंगणारी) फ्लाय किंवा निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) टाकणारा साधारणपणे प्रवाहाविरुद्ध वर जात असतो, कारण मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो आणि त्याच्या मागून जाणे सोयीचे पडते. बुडणारी फ्लाय प्रवाहात आडवी फिरवणारा मात्र एक कास्ट, एक पाऊल अशा गतीने खाली उतरत असतो. ज्या दिशेला तो जात आहे, त्याच्या पुढच्या पाण्यात शिरणे म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणे होय. त्याच्या मागे, त्याने सोडलेल्या पाण्यात, पुरेसे अंतर ठेवून उतरावे आणि तेही विचारून. प्रवाहात आडवी फ्लाय फिरवणारे दोघे-तिघे एकाच डोहावर असतील तर सर्वांनी वरून सुरुवात करून एकामागून एक खाली सरकावे आणि शेवटाला पोहोचलेल्याने पुन्हा वर येऊन रांगेत मागे लागावे. एका जागेवर खिळून राहणारा माणूस सर्वांची रांग अडवतो.

माझ्या हातून हा नियम एकदा मोडला गेला. कर्जतजवळ पहाटे एक वयस्कर गृहस्थ डोहाच्या शेपटाकडे उभे होते. मला वाटले की ते खालीच थांबतील, म्हणून मी वरच्या टोकाला पाण्यात उतरलो. ते हळूहळू वरच येत होते. मी हलवलेला गाळ त्यांच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यांनी लाइन गुंडाळली, दगडावर बसले आणि डबा उघडला. एक शब्द बोलले नाहीत. मी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी मला चटणीपोळी दिली आणि तो मासा कुठे उभा होता ते दाखवले. डोह निवळेपर्यंत आम्ही दोघेही बसलो आणि पहिला कास्ट त्यांनी केला. चूक कळल्याबरोबर पाण्यातून बाहेर येणे, समोर जाऊन बोलणे आणि पहिली संधी परत देणे : चूक झाल्यावर काय करावे हे मी त्या सकाळी शिकलो.

दुसऱ्याची पद्धत

फ्लाय टाकणाऱ्यांच्या मनात एक उंचावलेपण लवकर शिरते, आणि ते काढण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. इंग्लंडच्या खडूमिश्रित झऱ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या फ्लायचा इतका आग्रह धरला की त्यांच्या अनुयायांना पाण्याखाली निम्फ टाकणे जवळजवळ अनीती वाटू लागले. जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालील किड्यांवर मासा किती खातो हे बारकाईने दाखवून दिले, तरी वाद चिघळतच गेला आणि 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली, तेव्हा वृद्ध स्क्यूज यांना स्वतःच्या पद्धतीचा बचाव करावा लागला. आज जगभर निम्फ टाकली जाते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. एका पिढीचा सोवळेपणा पुढच्या पिढीला समजतसुद्धा नाही.

आपल्याकडे ही दरी फ्लाय आणि आमिष यांच्यात पडते. तलावावर कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्याची वाट पाहणारा, खडकांवर हातदोरीला कोळंबी लावून बसलेला, आणि दहा हजारांची रॉड घेऊन आलेला फ्लायवाला, हे तिघेही एकाच पाण्याकडे बघत असतात. हातदोरीवाल्याचा मासा रात्री कालवणात जातो. त्याला ‘सोडून द्या’ असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही; माशांचे भले करायचे असेल तर आपण आपला मासा नीट सोडावा. फार लहान मासा त्याने पकडला आणि त्याने आपणहून विचारले, तर मत सांगावे, तेही एकदाच. उलट दिशेनेही हे लागू आहे : ‘पिसाला कुठे मासा लागतो का?’ असे कोणी विचारले की त्यात टोमणा शोधू नये. फ्लायची डबी उघडून दाखवावी, झिंग्यासारखी बांधलेली फ्लाय पाण्यात त्याच्यासमोर ओढून दाखवावी. ज्याने चाळीस वर्षे झिंगे पाहिले आहेत, तो तिच्या चालीतली चूक तुम्हाला क्षणात सांगेल.

मासा हातात असताना

इथे शिष्टाचार माशाशी आहे. लाइनला झेपेल तितके जाड टिपेट (फ्लाय बांधायचा लीडरचा शेवटचा भाग) वापरावे, म्हणजे झुंज लांबत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेले असते, त्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यानंतरही मरतो. दुपारी तलावावर सोडण्यासाठी मासा धरूच नये. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा, तापलेल्या खडकावर ठेवू नये, आणि छायाचित्र घ्यायचेच तर कॅमेरा तयार झाल्यावर एकदाच उचलावा. आपला श्वास रोखून धरावा आणि तो सुटण्याआधी मासा पाण्यात परत गेलेला असावा. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते आणि शिंगाड्याचे काटे खोल जखम करतात, हे सोबत्याला आधीच सांगावे. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपली लाइन न सांगता गुंडाळावी आणि त्याने बोलावले तरच जाळी घेऊन जावे.

सोबत, होडी आणि जागेचे गुपित

भाड्याची होडी घेतली तर तांडेलाचा शब्द शेवटचा, मासा समोर उसळत असला तरीही. दोघांनी एकाच वेळी कास्ट करायचा नाही. एक जण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहतो, दुसरा बसतो आणि वल्ही, दोर, चहाचा थर्मास सांभाळतो. पाळी वेळेने ठरवावी. मासा मिळाला की पाळी संपली असे ठरवल्यास ज्याला मासा मिळत नाही तो दिवसभर नाळेवरच राहतो.

कोणी आपल्याला स्वतःच्या जागेवर नेले, तर ती जागा त्याची. तिथे त्याला न विचारता तिसऱ्या माणसाला नेऊ नये, आणि छायाचित्रात मागचा पूल, देऊळ, डोंगराचे शिखर येऊ देऊ नये. महाशीर असलेल्या जागेबाबत हे अधिकच खरे आहे. लोणावळ्याजवळ वालवण येथे टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून महाशीरचे प्रजनन करून पिल्ले निरनिराळ्या जलाशयांत सोडली गेली. इतक्या कष्टाने टिकवलेला मासा एका छायाचित्रामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांच्या हाती लागू शकतो. मित्र रुसला तरी चालेल, पण जागा सांगू नये.

कांदळवनात बॅककास्टला जागा व्हावी म्हणून फांद्या मोडणारे मी पाहिले आहेत. 2005 सालच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशापासून महाराष्ट्रातील कांदळवनाची तोड निषिद्ध आहे. फांदी मोडावी लागत असेल तर जागा चुकली आहे असे समजावे. कापलेल्या टिपेटचे तुकडे खिशातल्या डबीत जमा करावेत. बगळ्याच्या पायाला गुंडाळलेला नायलॉन सोडवण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाद झाला तर

कोणी आपल्या पुढ्यात येऊन उतरला, तर आधी समजावे की त्याला माहीत नाही. “मी वरच्या बाजूला सरकत होतो, आपण खालून सुरू कराल का?” इतके वाक्य पुरते. त्याने ऐकले नाही तर लाइन गुंडाळून दुसरा डोह शोधावा; ओरडण्याने त्या डोहातले मासे तसेही दोघांपैकी कोणाला मिळणार नाहीत. आणि दोन लाइनींचा गुंता झाला, मग चूक कोणाचीही असो, कात्री आपल्या टिपेटला लावावी. दोन फूट टिपेट जाते आणि एक गाठ नव्याने बांधावी लागते, तिला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात शेजाऱ्याचा पुढचा कास्ट होऊन जाऊ द्यावा.